गाभोळी

कुओपिओच्या इस्पितळात तळघरातली खोली माझी.
खिडकीच्या खालच्या अर्ध्यात बर्फ,
वरच्या अर्ध्यात येणाऱ्यांचे बूट.
तुमचे बूट, इम्पी तोलोनेन,
जमीन शोधत आले.
पाऊल आपटायचं,
आणि पायरी आहे की नाही
हे आवाजावरून ठरवायचं.

वर डॉक्टर हुक्कानेननी नादकाटा वाजवून
तुमच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.
“थरथर जाणवते?”
“कसली?” तुम्ही विचारलंत.
काटा गुणगुणतच होता.

जीभ लाल, गुळगुळीत,
पुसून ठेवलेल्या बशीसारखी.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
तुमच्या जिभेला चवही उरली नव्हती.
डोळे मिटून उभ्या राहिलात
आणि नर्सच्या खांद्यावर कोसळलात.
“वय झालं,” म्हणालात.
बावन्न.

गावच्या डॉक्टरने फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिलेल्या.
गाल रंगले. शेजारीण म्हणाली, भरलीस की गं!
त्याच हिवाळ्यात पायांतल्या मुंग्या
गुडघ्यापर्यंत चढल्या.

मग तुम्ही थेंबाएवढ्या होऊन माझ्याकडे आलात.
काचेवर पसरलं, वाळवलं, रंगवलं,
भिंगाखाली सरकवलं.
दाटी हवी तिथे मोकळं रान.
तांबड्या पेशी थोड्याच, पण केवढ्या!
यीस्ट जास्त पडल्यासारख्या फुगलेल्या, लांबट.
आणि त्यांच्यात एक पांढरी,
जिच्या केंद्रकाचे तीन तुकडे असावेत, फार तर चार.
मी मोजले. सहा.
डोळे चोळून पुन्हा मोजले.
सहाच.
हातात कात्री आलेलं पोर
थांबायचं विसरावं, तसं.

पण रक्त ‘काय’ ते सांगतं,
‘का’ सांगत नाही.
त्यासाठी दुसरी डबी आली,
जिच्याबद्दल कवितेत कुणी बोलत नाही.
तिच्यात अंडी होती, झाकणवाली, पिवळट.
तळ्यातल्या माशातून आलेला पट्टकृमी
तुमच्या ताटातलं बी-बारा
तुमच्याआधी जेवत होता,
बिनबोलावता, वर्षानुवर्षं.

“काय खाता?” डॉक्टरांनी विचारलं.
तुमचा चेहरा पहिल्यांदाच उजळला:
पाईक माशाची गाभोळी, कच्चीच,
मीठ, कांदा, राईच्या पावावर.
आईची रीत.

जंत पाडला. लांबी सांगत नाही.
इंजेक्शनचं औषध लाल होतं.
सहाव्या दिवशी काचेवर
निळसर, कोवळ्या पेशींची गर्दी,
आणि वरून निरोप: बाई कॉफी मागतेय.

मे महिन्यात बर्फ उतरला.
खिडकीत तुमचे बूट आले.
डावा अजून जरा चाचपतो,
तेवढं बहुधा राहील.
टेबलावर तुम्ही बरणी ठेवलीत.
“यंदाची पहिली. तुमच्यासाठी.”
केशरी, दाणेदार,
एकेक दाणा नेमक्या मापाचा.

नको म्हणवेना.
घरी नेली, तव्यावर करपेपर्यंत परतली.
चव विचारलीत तेव्हा
मी खोटं बोलले.
तुम्ही स्वतः खाल्लीत का,
हे विचारायचं राहिलंच.

ऑक्टोबरात एक डबी पाठवा.