तीन मिनिटं

ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या बोळात
कासा लुचिया अजून आहे.
लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ,
छताला प्लॅस्टिकची द्राक्षं, त्यांच्यावर खरी धूळ,
टेबलावर पोटाला गवत गुंडाळलेली बाटली,
तिच्या तोंडात मेणबत्ती, आणि मेण असं थिजलेलं
की खालच्या काचेचा रंग आता कुणाला ठाऊक नसावा.

कुमुद म्हणाली, आत एवढा अंधार असेल
असं वाटलं नव्हतं गं.
वाटणार कसं? आम्ही बाहेरूनच तर जायचो,
एक्स्चेंजची दुसरी पाळी सुटली की,
कानांवर हेडफोनचे वळ घेऊन
पूलगेटच्या बसकडे.
या दारातून लसणाचा वास यायचा,
फोडणीतला नाही,
दुसऱ्याच कुणाच्या घरातला लसूण.
पगार झाला की जाऊ.
कन्फर्म झालो की जाऊ.
मग तिचं लग्न, माझी बदली, मग एसटीडी आलं
आणि आमचं बोर्ड एका टेम्पोतून
भंगारात गेलं, सगळ्या वायरींसकट.

म्हातारा बाप्टिस्टा, झिजकी कॉलर, बो मात्र ताठ,
मेन्यू उघडून ठेवून गेला.
कुमुदनं तो शेवटपर्यंत वाचला,
पेपर वाचते तसा, छोट्या जाहिरातींसकट.
मिटला.
तूच मागव, म्हणाली, मला कळत नाही.
काय कळत नाही?
चव. त्या तापात गेली, ती आलीच नाही.
दीड वर्ष झालं. घरी बोलले नाहीये.
मीठ चमच्यानं मोजून घालते.

मी पर्स उचलली.
तिनं माझं मनगट धरलं.
बस खाली. तू खा, आणि मला सांग.
आपण जन्मभर दुसरं काय केलं?

खरंच, काय केलं?
लाइन खराब असली की आम्ही मधे बसून
एकाचं दुसऱ्याला सांगायचो:
ते म्हणतायत मुलगा झाला. मुलगा. ऐकू आलं का?
ते म्हणतायत, असाल तसे निघा.
आणि पलीकडे भुसावळ गप्प.
मग आपणच हळूच विचारायचं,
आहात ना लाइनवर?

लझानिया आला, कडेला करपलेला.
मी घास घेतला.
बोला, कुमुद म्हणाली.
वर चीज. चिवट. ओढावं तेवढं येतंय,
तुझ्या नणंदेच्या तक्रारींसारखं.
पुढे बोला.
खाली टोमॅटो, पण सार नव्हे, दाट.
आधी आंबट, मागून गोड.
आपल्या चिटणीसबाई नव्हत्या का, आधी झापायच्या
आणि मग रजा मंजूर करायच्या.
पुढे.
एक पान आहे. तुळशीच्या माहेरचं कुणीतरी.
खिम्यात देवघराचा वास, म्हणजे बघ.
चुकल्यासारखं वाटतं, आणि थांबवत नाही.
ती हसली, डोळे मिटून,
हात कानाशी गेलेला,
जिथे हेडफोन असायचा.
अगं, खरं सांग हं. चाळीस वर्षं थांबलो
म्हणून चांगलं म्हणू नकोस.

मीठ कमी आहे, मी म्हटलं.

वाटलंच मला, ती म्हणाली,
इतकी खूश होऊन
की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.
मग तिनं काट्यानं माझ्याच प्लेटमधला तुकडा उचलला,
तोंडात ठेवला,
आणि मेणबत्तीकडे बघत चावत राहिली.
खूप वेळ.
हॅलो? मी म्हटलं. हॅलो, ऐकू येतंय?
गरम आहे, ती म्हणाली.
अजून काही नाही.
गरम आहे मात्र.

बाप्टिस्टा प्लेट उचलायला वाकला
तर तिनं बोट वर केलं,
आणि नाकातून, तो जुना सरकारी आवाज काढून,
मला म्हणाली,
थ्री मिनिट्स ओव्हर. एक्स्टेंड करू?

करा, मी म्हटलं.