कच्चा बीच

लाकडाची पारख करताना बाबा
हातभर तुकड्याच्या एका टोकाला थुंकी लावायचे
आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचे.
बीच असला तर बुडबुडे यायचे.
"बघ," म्हणायचे, "हा कुणालाच नाही म्हणत नाही."
ओकच्या गाभ्यातून काही म्हणजे काही यायचं नाही.
फुंकून फुंकून बाबांचेच गाल लाल.

चेर्ना नदीच्या काठी, स्लीपरच्या कारखान्यात
पार्तेनिए या नावापुढे एकतीस वर्षांची हजेरी.
थंडीत तोडलेला बीच डोंगरावरून उतरायचा.
वसंताची ऊब लागायच्या आत
तो चिरून, रचून झाला पाहिजे,
नाहीतर नासतो, उघड्यावरच्या दुधासारखा.
टोकांना मेण. फाटू नये म्हणून
टोकात ठोकलेल्या नागमोडी पट्ट्या.
दोन थरांत बोटभर फट, वाऱ्याला.
मग वर्ष, सव्वा वर्ष
नुसती वाट.
आई सांगायची, लग्नाची तारीखसुद्धा
ह्या माणसाने थप्पीतला ओलावा उतरल्यावर धरली.

नंतर टाकी.
जाड दार, बारा बोल्ट.
आधी आतली हवा ओढून घ्यायची,
लाकूड धापा टाकेल इतकी,
मग वाफाळतं क्रिओसोट, दाबाने.
ओक दोन बोटं आत घेतो आणि तोंड मिटतो.
बीच पीत राहतो, पार पोटापर्यंत,
आणि काळा होऊन बाहेर येतो, दुप्पट जड.
तोच, जो उघड्या मातीत
पाच वर्षंही काढत नाही,
रुळांखाली तीस काढतो.
"ह्यात त्याचं काय कौतुक?" बाबा म्हणायचे.
"तेल टिकतं. तो फक्त जागा देतो."

बाबांच्या शर्टाची बादली वेगळी होती.
त्यांची उशी वेगळी.
पावाचा तुकडा त्यांनी मोडून दिला
की आम्ही भावंडं कडा सोडून खायचो.
आणि भिंतीवर, खिळ्याला, त्याच झाडाचे चमचे:
गोरे, बारीक तांबूस ठिपक्यांचे,
ना वास, ना चव,
वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळलेले.
आई ते त्यांना धुवू द्यायची नाही.

शेवटच्या महिन्यात आवाज गेला होता.
पाठकोऱ्या पावतीवर त्यांनी लिहिलं:
क्रूस बीचचा. कच्चा.
तेल नाही. वार्निश नाही.
बुडाला डांबरसुद्धा नाही.

त्रांदाफिरकाकांनी पावती दोनदा वाचली.
आयुष्यभर त्यांनी गावाला अकेशियाचे क्रूस दिले,
आजोबांचा पुरला तो नातवाने पाहावा असे.
"चार हिवाळे," ते म्हणाले. "फार तर."
बाबांनी चार बोटं वर केली
आणि मान हलवली. पुरे.
पाद्री म्हणाले, लोक काय म्हणतील.
लोक म्हणाले, मुलीने पैसे वाचवले.

हा तिसरा हिवाळा.
बर्फ बाजूला केला
तर जमिनीलगत अंगठा आत गेला,
शिळ्या चीजमध्ये जावा तसा.
वर पांढुरक्या लाकडात काळ्या रेषा उमटल्यात,
बुरशीने आपापल्या शेताचे बांध घातल्यासारख्या.
एका बाजूला छोटीशी भूछत्री, करडी,
तिला मी हात लावला नाही.

काकांनी सालं एकाखाली एक कोरली होती.
खालचं आधी गेलं.
मेल्याचं साल आता नुसता भुसा आहे,
जन्माचं स्वच्छ वाचता येतं,
एकोणीसशे एकेचाळीस,
आणि त्याच्यावर नाव, कोरडं, खणखणीत.

काकांच्या पडवीत अकेशियाचा एक खांब
तीन वर्षं उभा आहे, सोललेला.
ते काही बोलत नाहीत.
मीही येता-जाता त्याच्याकडे बघत नाही.
आज मात्र क्रुसाची एक ढलपी सुटून हातात आली,
बोटाएवढी.
मी एका टोकाला थुंकी लावली,
इकडेतिकडे पाहिलं, आणि फुंकलं.

दोन्ही टोकांनीच काय,
मधूनही यायला लागले.