यांना प्रवेश आहे

वाल्दिवियातली जूनची रात्र.
एलेउतेरिओ पियानोचे सूर लावून देतो,
एकोणचाळीस वर्षं,
चर्चच्या पोटमाळ्यापासून जर्मन शाळेच्या गळक्या हॉलपर्यंत.
आज लाकडाच्या शेगडीपाशी बसून
फोनमधलं एक पान वाचतोय, चष्मा कपाळावर सारून:
तुमच्या खात्यात यांना प्रवेश आहे.
यांना. अकरा जणांना.

पहिला, पक्ष्यांचे आवाज ओळखणारा.
ठिकाण हवं, मान्य. माइक हवा, तोही मान्य.
पण झुडपातला चुकाव ओरडला हे सांगायला
याला माझ्या मेहुण्याचा नंबर कशाला?

दुसरा, चेहरा म्हातारा करून दाखवणारा.
भाचीनं, रायेननं, एका रविवारी घेतला होता,
सगळे पोट धरून हसले होते.
आता त्याचं काम आरशानं संपवलंय,
तरी हा बसलाय.
ओसरी मागून आले होते सगळे,
आता माजघरात पाय पसरून
पत्रं वाचतायत.

भरती-ओहोटीचा. पावलं मोजणारा.
एक नुसती अक्षरं, नाव नाही, गाव नाही,
२०१७ पासून सगळं बघतोय.
मी तुला कधी हो म्हणालो रे?
म्हणालोच असेन. घाईत माणूस काय काय म्हणतो.

रद्द करा. रद्द करा.
तो थांबतो, सवयीनं कान देतो.
तार सैल केली की ती कण्हते,
तुटली तर गालावर वळ उठवून जाते.
इथे काहीच नाही.
सात वर्षांचा पाहुणा गेला
आणि दारसुद्धा वाजलं नाही.

दहा गेले. उरलं गायनवृंदाचं वेळापत्रक.
वृंद कधीच मोडला; ओतिलिया दक्षिणेला लेकाकडे गेली,
दोघे खर्जवाले एकाच हिवाळ्यात वारले,
हॉलमध्ये आता टायर ठेवतात.
पण खाली बारीक अक्षरांत:
शेवटचं वाचन, आज, संध्याकाळी सात.
आज मंगळवार.

म्हणजे तीन वर्षं, दर मंगळवारी सातला
कुणीतरी येऊन बघून जातंय
एलेउतेरिओ मोकळा आहे का.
आणि तो होता.
दर वेळी होता.

बोट बटणावर तसंच.
शेगडीतलं ओंडकं कूस बदलतं.
मग तो कॅलेंडर उघडतो,
पुढच्या मंगळवारच्या चौकोनात, सातच्या पुढे,
एकेक अक्षर शोधून लिहितो:
या वेळी जमणार नाही. क्षमस्व.

जतन करतो. वाट बघतो, जरा जास्तच.
आणि मग काढून टाकतो.

मासळीबाजाराच्या धक्क्यावर सीलायन भुंकतायत.
जाडा नेहमीसारखा
अर्धा स्वर खाली.