बुंदीचा पट्टा

खिळ्याला तो पट्टा टांगलाय, दीड वर्ष झालं.
बोटभर रुंद, पितळी बकल, आतून मेंढीचं मऊ कातडं,
आणि वर एकेक अक्षर ठोकून : बुंदी.
गंगापूर रोडच्या सानप मॅडमची कुत्री.
पट्टा तयार झाला त्याच मंगळवारी फोन आला,
बुंदी गेली हो, राहू दे आता.
राहू दे.
ठोकलेलं नाव कातड्यावरनं पुसता येत नाही
आणि दुसरी बुंदी काही दुकानात आली नाही.

त्यानंतर पाटी लिहिली, खडूनं :
मापानं, नावानं, सांगून काही बनवून मिळणार नाही.
मांडलंय ते बघा.
तीन तऱ्हेची पाकिटं, दोन रुंदीचे पट्टे, चष्म्याची घरं.
एका साच्यावर बारा, बारा झाले की पुन्हा बारा.
हात चालतो, डोकं घरी जाऊन मेथी निवडतं.
"चहासारखा रंग द्या" म्हणणारं कोणी नाही,
रंग वाळल्यावर "अहो, दुधाचा चहा म्हणत होते मी"
असं म्हणणारंही नाही.

अण्णा हसले असते.
त्यांच्याकडं मांडायला कधी काही नव्हतंच.
देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या कडेला एक पोतं,
गिऱ्हाईक यायचं, कागदावर पाय ठेवायचं,
अण्णा खाली वाकून पेन्सिल फिरवायचे.
ते गेल्यावर ट्रंकेत दोनशे पावलं सापडली.
प्रत्येकात नाव, खाली बारीक अक्षरात :
डाव्या करंगळीला कुरूप.
उजवा अर्ध्या सुतानं मोठा.
सुभेदार आहेत, घाई करतात.
शिवणार नाही, असं म्हणायची सोय
अण्णांना कुणी दिली होती?
ऑर्डर म्हणजे हुकूम,
एवढं इंग्रजी कॅम्पानं शिकवलं त्यांना.
म्हणून मला पाटी आवडते.
आमच्या घराण्यात "नाही" लिहिलेली
ती पहिलीच वस्तू.

परवा दिंडोरीकडून एक बाई आली, यमुना गांगुर्डे.
द्राक्षाच्या छाटणीवर जाते, टोळीत एकटीच डावखुरी.
कात्रीला म्यान हवंय, कमरेला, डाव्या अंगाला.
बाजारात मिळतात ती सगळी उजव्या हाताची,
उपसताना पातं पोटाकडं वळतं.
पदर दाखवला, तीन ठिकाणी कापलेला.
मी पाटीकडं बोट केलं.
तिनं वाचली, सावकाश, अक्षर अक्षर जोडत,
हो का, म्हणाली,
आणि बसून राहिली.
बसला अजून अर्धा तास होता.

अर्धा तास फार असतो छोट्या दुकानात.
म्हटलं, दे बघू कात्री. बघायला काय जातं.
खाकी कागदावर ठेवली, भोवती पेन्सिल फिरवली,
मग म्हटलं, उभी राहा, उपसून दाखव.
तिनं हवेतली एक काडी छाटली,
मग दुसरी, मग पार वेलीच्या टोकापर्यंत गेली,
माझ्या पाकिटांच्या रांगेवरून.
कागदावर मी लिहिलं : डावा हात. तोंड तिरकं. पोट सांभाळणे.
लिहून झाल्यावर दिसलं,
वेलांटी अण्णांसारखी निघालीय.

रात्री हिशेब मांडला, कातरणीच्या मागच्या बाजूला.
नवा साचा, एक दिवस. शिलाई, अर्धा.
तिची दीड दिवसाची मजुरी, माझा दीड दिवस,
दोन्ही एकाच रकान्यात मावेनात.
आणि एका साच्यावर बारा म्हटलं
तर उरलेल्या अकरा डावखुऱ्या बाया कुठून आणू?
खाली जुनं नुकसान : सहाशे चाळीस, बुंदी.
विसार मागायचा राहिलाय, हेही तेव्हाच आठवलं.
फोन नंबरही नाही.
दसऱ्याआधी येते, एवढंच म्हणाली होती.

आज सकाळी कॉलेज रोडचा एक मुलगा आला,
मैत्रिणीचं नाव ठोकून पाकीट मिळेल का?
पाटी दाखवली. गेला.
पाटी पुसलेली नाही मी.
यमुनेचं नाव कागदावर आहे,
कातड्यावर ठोकायचं नाही, तेवढं ठरवलंय.

दुपारी बकल बसतं का बघायला
बुंदीचा पट्टा खाली काढला.
बसत होतं.
परत टांगला.
नवं बकल, साठ रुपये.