टप्पा नसलेला चेंडू

अहमदीत, तेलाच्या टाक्यांमागच्या मैदानावर
गुरुवारी इशानंतर सामना असतो.
वेग मोजायची बंदूक माझ्या हातात.
आडनाव मुकादम, काम मोजणीचं:
दिवसा वाफेचा दाब, रात्री एलियासरचा हात.

एलियासर माराकायबोचा. एक्केचाळीस वर्षांचा.
पाइपांचे सांधे तपासतो, स्वतःच्या सांध्यांना मलम चोळतो,
आणि त्याचा सरळ चेंडू
चौऱ्याऐंशी मैलांच्या वर जात नाही.
पोरं हसतात.
हसत जातात, बाद होऊन येतात.

मी दाभोळच्या खाडीकाठी लेगब्रेक टाकायचो.
माझा चेंडू जमिनीला विचारून वळायचा:
ओल किती, खडा कुठे, भेग कुठल्या अंगाला.
इथे टप्पाच नाही.
साठ फूट सहा इंच नुसती हवा,
वळायचं तर तिच्यातच वळायचं,
कशालाही न टेकता.

एकदा त्याने चेंडू माझ्या तळव्यावर ठेवला.
लाल शिवण, एकशे आठ टाके.
म्हटलं, तसबीहपेक्षा नऊ जास्त.
तो बोटं दाखवत राहिला:
शिवणीवर आडवी, तर चेंडू तरंगतो.
शिवणीलगत, तर शेवटच्या हातभर अंतरात बुडतो.
कडेने कापला, तर आपल्या दारापर्यंत येऊन
शेजाऱ्याकडे जातो.
आणि वरून पुढे लोळवला,
तर पायरी चुकल्यासारखा पडतो.
शमाल समोरून असला
की सगळंच वीतभर जास्त.

सहाव्या डावात तो पायरीवाला पडलाच नाही.
बोट घामाने घसरलं असेल.
छातीच्या उंचीवर लोंबकळत राहिला बिचारा,
आणि ताए-हून नावाच्या कोरियन पोराने
तो पंपहाउसच्या छपरावर नेऊन ठेवला.
पत्रा बराच वेळ वाजत होता.
एलियासरने ओठांवरची धूळ पुसली,
नवा चेंडू मागितला.

नवव्यात पुन्हा तोच पोरगा.
चौऱ्याऐंशी, आतल्या कोपऱ्यात. सोडला, स्ट्राइक.
त्र्याऐंशी, बुडता. कड लागून बाहेर.
मग तोच पाय उचलला, तोच खांदा, तोच झपाटा,
फक्त चेंडू तळव्यात खोल धरलेला.
बंदूक म्हणाली: बहात्तर.
पोराची बॅट येऊन गेली.
चेंडू मागाहून आला,
लग्न उरकल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा.

खोलीवर येऊन घरी फोन लावला.
राबियाने विचारलं, कंत्राट वाढलं का?
तोच आवाज काढला, तेच आधी थोडं हसणं:
"वाढेल गं. चाललंय सगळं."

पलीकडे पंखा फिरत होता. पोरगी कसला तरी पाढा म्हणत होती.

मग ती म्हणाली,
"आज हळू बोलतोस."