भुवया

तीन आठवडे मी लिहीत होते,
'प्रतिसाद नाही.'

उलीपिकाबाईंचा डावा हात
अर्धांगाच्या झटक्यानंतर मांडीवर पडून असायचा,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
मी तो उचलायचे, खांद्यातून हळूहळू फिरवायचे,
खुणेने विचारायचे, दुखतंय का?
त्या माझ्याकडे बघायच्या.
गप्प.
खिडकीबाहेर पांगनिरतुंगची खाडी गोठलेली,
दुपारी दोनलाच दिवे लागलेले.
मी आणखी थोडा फिरवायचे.

माझ्याकडे एक तक्ता होता, शून्य ते दहा,
हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत.
त्यांनी तो निरखून पाहिला,
बाहीने पुसला
आणि पालथा करून परत दिला.
माझ्याकडे प्लास्टिकचे शंकू होते, लाल, पिवळे, निळे.
या टेबलावरून त्या टेबलावर ठेवायचे.
एवढ्या लांबून आलेल्या पोरीचं मन कशाला मोडा,
म्हणून त्या ठेवत राहिल्या,
चांगल्या हाताने, डाव्या हाताला माझ्या नजरेआड करून.

मॉन्क्टनला फोनवर मी म्हटलं,
पेशंटचं सहकार्य कमी आहे.
ते वाक्य इथे तसंच राहू दे.

मग एका मंगळवारी दुभाषा जेपीती शिकारीवरून परतला,
गालांवर थंडीने भाजल्याचे डाग,
अंगाला रॉकेलचा वास.
कोपऱ्यात बसून त्याने दोन मिनिटं पाहिलं.
"थांब की," तो म्हणाला, "त्या सांगतायत ना."
काय सांगतायत?
"भुवया उचलल्या बघ. म्हणजे हो.
नाही म्हणायचं असेल तर नाक आक्रसतात.
तान्ह्या पोरालाही कळतं इथे."

भुवया उंचावतात नवल वाटलं की,
नाक मुरडतात नावडलं की,
एवढंच शिकून मी मोठी झाले.
त्या रात्री नोंदवही उघडली.
अठरा भेटी.
अठरा वेळा हो, हो, दुखतंय,
आणि समोर माझं सुवाच्य अक्षर.

मी माफी मागितली.
जेपीतीने ती त्यांच्यापर्यंत नेली, बरीच आखूड करून.
बाईंनी उलट विचारलं,
हिला जमिनीवर बसता येतं का?

पुढची भेट त्यांच्या घरी.
फरशीवर खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला,
त्यावर सीलचं कातडं, आतली बाजू वर.
बाई बसल्या,
दोन्ही पाय समोर सरळ, पाठीला टेकू नाही,
माझ्या कुठल्याच पुस्तकात नसलेलं आसन.
उजव्या हातात उलू, चंद्रकोरीचं पातं,
मूठ आईच्या हाताने झिजलेली.
डाव्या हाताने कातडं धरायचं.

चमत्कार झाला नाही.
कातडं निसटलं. पुन्हा निसटलं.
तिसऱ्यांदा त्यांनी त्यावर मनगट रेटलं
आणि मनगटावर सगळा राग.
बोटं शिवणीपाशी आल्यासारखी वळली, जराशी.
शंकूंसाठी ती कधीच वळली नव्हती.
चरबी खरवडल्याचा आवाज येत राहिला,
मी वेळ मोजायला विसरले.

मग त्यांनी शेजारची जागा थोपटली.
मी बसले. पाय सरळ होईनात,
मांडीच्या मागच्या शिरा ताठल्या, पाठ कुबडली.
लोकांना वाकायला शिकवण्याचा पगार घेते मी.
जेपीती तोंड फिरवून हसला.
बाईंनी उलू खाली ठेवला,
तोच हात, डावा, माझ्या गुडघ्यावर ठेवला,
उजव्याने त्याला आधार दिला
आणि दाबला. हळू.
मग थोडा आणखी.

माझ्या तोंडाकडे बघत
त्यांनी काहीतरी विचारलं.

जेपीतीने भाषांतर केलं नाही.
मी भुवया उचलल्या,
जरा जास्तच.