माणसाचं तिकीट

फोनवर विचारलं, पायऱ्या किती?
पालशेतकर म्हणाले, तीनच.
मग जरा थांबून, मागच्या अंगणात आणखी दोन.
पण पोरं आहेत, उचलतील की.

उचलतील.
भाताची गोणी उचलतात, गणपती उचलतात,
मलाही उचलतील, सांभाळून रे, म्हणत.
आणि मी हसत राहीन;
उचललेल्या माणसानं हसायचं असतं.

धोपाव्याच्या धक्क्यावर मात्र
फेरीबोटीनं लोखंडी जीभ टाकली.
बर्फाचा टेम्पो, दोन मोटारसायकली,
मागोमाग मी, माझ्याच हातांनी.

ही वाट माझ्यासाठी केलेली नव्हती,
टेम्पोसाठी होती.
असो. चाक ते चाक.

मुबीन पावती फाडताना अडला :
गाडीचं घेऊ, की माणसाचं?
माणसाचं घे, म्हटलं.

दाभोळला पाणी अजून खालीच.
उतार उभा, शेवाळलेला.
दोन फेऱ्या थांबा ताई, म्हणाला, भरती लागलीय.

थांबले.
एकाच तिकिटावर खाडी पुन्हा, पुन्हा.
खालून पाणी चढत होतं,
बोटीला, टेम्पोला, मला
एकदमच उचलत;

कुणी सांभाळून म्हटलं नाही.